कामगारांचे शाहीर : अमर शेख

शाहीर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? डोक्याला फेटा, हाती डफ, मागे तुणतुणे आणि झांज, आणि पोवाड्यात सिंहगड चढणारा तानाजी. आज ज्या शाहिरांविषयी मी बोलणार आहे, त्यांच्या हाती डफ तोच होता. पण त्यांच्या गाण्यातला वीर गिरणीत मागावर उभा होता, शेतात नांगर धरून होता. ते शाहीर म्हणजे अमर शेख.

१९१६ साली बार्शीला त्यांचा जन्म झाला. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. घरची गरिबी, म्हणून कधी मोटारीवर क्लीनर, कधी गिरणीत कामगार, अशी पडेल ती कामे त्यांनी केली. लोकगीतांचा वारसा त्यांना आईकडून मिळाला. पुढे ते कामगार चळवळीत शिरले, तुरुंगातही गेले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख या तिघांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊ वाटेगावच्या मातंग घरातले, अमर शेख बार्शीच्या मुसलमान घरातले. पण गाण्याची भाषा एकच, आपल्या तोंडची मराठी.

आता आपण विचाराल, यात नवे ते काय? शाहिराने सांगावे, झीलकऱ्यांनी 'जी जी' करून सूर धरावा, मध्येच गाणे थांबवून शाहिराने बोलू लागावे आणि पुन्हा डफावर थाप पडावी, हे पोवाड्याचे बांधकाम या मंडळींनी मोडले नाही. त्यांनी विषय बदलला. बंगालचा दुष्काळ, कामगारांचा संप, चाळीतली कोंदट खोली, गावाकडे राहिलेली घरधनीण, हे सारे पोवाड्या-लावणीत आले. आणि गाणे आपलेच आहे म्हटल्यावर समोर बसलेला माणूसच झीलकरी झाला!

मी गिरगावात शिकवतो. एकेकाळी गिरगाव म्हणजे कारकून, छापखाने आणि नाटकवेडी मंडळी यांची वस्ती. लालबाग-परळ म्हणजे तेव्हा गिरण्यांचा भोंगा. चाळी दोन्हीकडे, पण राहणी निराळी. १९५६ ते १९६० या काळात संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून अमर शेखांचा पहाडी आवाज घुमला, आणि गिरगावचा कारकून व लालबागचा गिरणीवाला एकाच मैदानात मांडीला मांडी लावून तेच ध्रुपद म्हणू लागले. नुसत्या भाषणांनी हे साधले नसते.

आमच्या महाविद्यालयातल्या एका मुलाने मला 'रेगे' नावाचे संगीत ऐकवले, तेव्हा हेच मनात आले. क्रिकेटमुळे जमैका बेट आपल्याला ठाऊक आहे. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज तिथे राहतात. १९६२ साली तो देश स्वतंत्र झाला, आणि १९६८च्या सुमारास किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांतून रेगे वर आले. टूट्स हिबर्ट यांच्या संचाने त्याच साली हा शब्द गाण्यात आणला. बॉब मार्ले यांनी तो जगभर नेला. त्याची गंमत अशी, की आपण जिथे टाळी देऊ तिथे गिटार गप्प राहते आणि दोन टाळ्यांच्या मधल्या जागी वाजते. खाली खर्जात जाड तारांचा ठेका चालूच असतो. ताल परका, पण गाऱ्हाणे ओळखीचे : भूक, अन्याय आणि उद्याची आशा. २०१८ साली युनेस्कोने रेगेला मानवजातीचा वारसा मानले. मी त्या मुलाला म्हटले, "आता आपल्या अमर शेखांना ऐक." त्याने हे नाव कधी ऐकलेच नव्हते.

यात त्याचा काय दोष? १९६९च्या जुलैत अण्णा भाऊ गेले; सहा आठवड्यांत, ऑगस्टच्या अखेरीस, अमर शेख मोटार-अपघातात गेले. १९८२च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्यांचा श्रोताही पांगला. 'कलश', 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह छापील राहिले. पण मैदानात रात्र रात्र गायले ते सगळे काही तबकडीत उतरले नाही. जमैकातल्या गरिबांची गाणी तबकड्यांवर चढली म्हणून जगभर पोचली. आमच्याकडे चाली राहिल्या त्या माणसांच्या तोंडी.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. मुंबईला गिरणीत उमर घालवून परतलेले एखादे ऐंशी-नव्वदीचे आजोबा आपल्या गावात असतील. त्यांना शाळेत बोलवा. कोणता शाहीर ऐकला, कुठल्या सभेत ऐकला, हे मुलांना विचारू द्या. एखादे ध्रुपद आठवले तर खिशातल्या फोनवर मुद्रित करून ठेवा, आणि डफ मुलांच्या हाती द्या. पोवाड्याचे शब्द पुस्तकातून वाचता येतात. तो म्हणावा कसा, हे मात्र म्हणणाऱ्याच्या तोंडूनच शिकावे लागते. तो म्हणणारा अजून आपल्या ओसरीवर बसला आहे, तोवर त्याच्याकडून ऐकून घ्या.