परत गेलेले ताट



या व्यासपीठावरून देव, देश आणि साहित्य यांविषयी पुष्कळ बोलले जाते. आज आम्ही आजाऱ्याच्या खोलीतून परत गेलेल्या ताटाविषयी बोलणार आहोत.

आमच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली होती. टाके निघाले, ज्वर नव्हता, घरी जाण्यास मोकळीक मिळाली. पण अन्नावरची वासना अशी उडाली की, फोडणीच्या वासानेही मळमळे. घरात दोन पक्ष पडले. ‘भूक लागली की आपण होऊन मागेल,’ असे आमच्या आत्याबाईंचे मत. पत्नी मऊ भाताची वाटी घेऊन उशाशी उभी, ‘अहो, दोन घास तरी घ्या.’ एके दिवशी आम्ही ती वाटी हाताने दूर लोटली. ती काही बोलली नाही. आमचे ताट परत गेले की तीही तशीच निजते, हे आम्हांला मागाहून कळले.

आत्याबाईंना वाटे हा आमचा हट्ट; पत्नीला वाटे हा आपल्या हातचा दोष. दोन्ही खोटे. सर्जनने केलेली असो की अपघाताने झालेली असो, जखम ती जखमच. ती झाली की शरीरात काही द्रव्ये सुटतात, इंटरल्यूकिन हे त्यांतल्या काहींचे नाव, आणि त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचून भूक दबते. त्यात मॉर्फिन, ट्रॅमाडॉल अशा अफूच्या जातीच्या वेदनाशामकांनी आतडी मंदावतात, पोट गच्च राहते. काही औषधांनी तोंड कडू होते ते निराळेच.

आणि नेमक्या याच दिवसांत शरीराची गरज वाढलेली असते! ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या सुमारास हाडे मोडलेल्या रोग्यांची लघवी तपासली. तीतून नायट्रोजन, म्हणजे पर्यायाने स्नायूंतील प्रथिन, वाहून जात होते. घराची एक भिंत दुरुस्त करण्यासाठी दुसरीच्या विटा काढाव्यात, तसा हा प्रकार. क्लीव्हलंडच्या हायरम स्टडली यांनी १९३६ मध्ये जठरव्रणाच्या रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन पाचव्या हिश्शाहून अधिक घटले होते, त्यांच्यापैकी शेकडा ३३ दगावले; इतरांत हे प्रमाण शेकडा साडेतीन होते. तेव्हा भुकेची वाट पाहत बसणे हा आत्याबाईंचा सल्ला मायेचा खरा, पण धोक्याचा.

पूर्वी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर वारा सरेपर्यंत तोंडाने काही देत नसत. १९९० नंतर कोपनहेगनचे हेन्रिक केलेट यांनी रोग्याला लवकर खाऊ घालण्याचा आणि लवकर चालवण्याचा पुरस्कार केला, आणि तो प्रघात जगभर पसरला. आमच्या घरांत मात्र अजून पेजेवर भिस्त. ५० किलो वजनाच्या माणसाला या काळात दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिन हवे असते. पातळ पेजेत ते नावालाच; एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधातही जवळपास तितकेच. डाळीने जखमेत पू होतो म्हणतात. पू जंतूंनी होतो, वरणाने नव्हे! मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हे माप डॉक्टरांनीच ठरवावे. आणि उलट्या थांबत नाहीत, पोट फुगते, वारा सरत नाही किंवा ताप चढतो, तर आग्रह सोडून तडक दवाखाना गाठावा. तेथे घरगुती शहाणपण नको.

आमच्याकडे मार्ग निघाला तो घड्याळामुळे. पत्नीने ताट आणणेच बंद केले. दर दोन तासांनी एक लहान वाटी. कधी मुगाचे घट्ट वरण, कधी दही, कधी उकडलेले अर्धे अंडे. वाटी ठेवून ती निघून जाई. संपली का, हे विचारीत नसे. भूक नसतानाही औषधासारखे ते आम्ही खाऊ लागलो आणि सकाळ-संध्याकाळ ओटीवर चार फेऱ्या घालू लागलो.

अकराव्या दिवशी आम्ही लिंबाच्या लोणच्याची फोड मागितली. ‘अगबाई, आंबट!’ म्हणून आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. पत्नीने फोड वाढली, आणि आपलेही पान तेथेच मांडून घेतले.