फोनमधली उचल

(दिवाळीच्या आधी झालेल्या प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं हे बोलणं. ज्या ताई येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे.)



मागच्या बैठकीत एका मावशीनं मला विचारलं होतं, "पोरी, मोबाईलवर पाच मिनिटांत लोन मिळतंय म्हणत्यात. मग गटात महिनाभर कशाला थांबायचं?" मी तेव्हा घाईत होते. "घेऊ नका मावशी," एवढंच म्हणाले. ते काही उत्तर नव्हतं. आज नीट सांगते.

आधी माझंच ऐका. २०२२ साली मी एमएसडब्ल्यूला होते. आई-बाबा कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेले होते. परीक्षेची फी आणि खोलीचं भाडं एकदमच आलं. घरी मागायची सोय नव्हती, उचल केव्हाच संपली होती. फोनवर एका ॲपची जाहिरात दिसली. घेतलं. आधार, पॅनचे फोटो टाकले. फोन मधे मधे काहीतरी विचारत होता आणि मी "अलाऊ, अलाऊ" दाबत गेले. पाच हजार मंजूर झाले. खात्यात आले साडेतीन हजार, बाकीचे म्हणे फी. आणि सात दिवसांत भरायचे पूर्ण पाच हजार.

आता हिशेब करा. साडेतीन हजारावर आठवड्याला दीड हजार. म्हणजे शेकडा जवळजवळ ४३ रुपये, आणि तेही आठवड्याला! आपल्या गटात शेकडा दोन रुपये आहे, महिन्याला. साडेतीन हजाराचे महिन्याला सत्तर रुपये होतात. मी तेव्हा कॉलेजात बचत गटांवरच अभ्यास लिहीत होते, आणि हा हिशेब मी केला तो पैसे घेतल्यावर.

सहाव्या दिवशीच फोन सुरू झाले. मला कमी, माझ्या फोनमध्ये ज्यांचे नंबर होते त्यांना जास्त. वर्गातल्या मुलींना, आमच्या मॅडमना, आणि मुकादमाला. आई-बाबांच्या फोनला फडावर रेंज नसायची म्हणून मुकादमाचा नंबर मी घेऊन ठेवला होता. त्यानं सगळ्या टोळीसमोर बाबांना विचारलं, "पोरगी शिकायला ठेवली का लोकाला बुडवायला?" बाबांनी त्याच्याकडूनच वरची उचल घेऊन मला पैसे पाठवले. ती पुढच्या हंगामात फिटली. बाबा त्यावर मला आजपर्यंत एक शब्द बोललेले नाहीत.

आता दुसरी बाजू. माझी बारावीची एक मैत्रीण पुण्यात ॲप बनवायच्या कंपनीत आहे. मी तिला विचारलं, हे नंबर त्यांच्याकडं गेले कसे? ती म्हणाली, तू दिलेस म्हणून. फोन असा बनवलेला असतो की ॲपला आपल्या मनानं तुमचे नंबर, फोटो, मेसेज उघडता येत नाहीत. तुम्हाला विचारावं लागतं. काय काय मागायचं ते ॲप बनवणारा ठरवतो. नकाशाच्या ॲपला तुम्ही कुठं आहात ते लागतं. व्हिडिओ कॉलला कॅमेरा लागतो. "पण कर्ज द्यायला तुझ्या मावशीचा नंबर कशाला लागतो, सांग बरं?" मला सुचेना. ती म्हणाली, "तारण म्हणून. तुझ्याकडं ना सोनं, ना जमीन. मग ओळखीची माणसंच गहाण ठेवून घेतली."

तिचं बोलणं ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. आपल्या गटातही सोनं-जमीन तारण नसतंच. दहा जणी एकमेकींच्या मागं उभ्या राहतात, त्यावर बँक कर्ज देते. पण त्या दहा जणी समोर बसून, विचारून, ठरावावर सही करून उभ्या राहतात. हप्ता चुकला तर आधी घरी येऊन विचारतात, काय अडचण आली गं. त्या ॲपनं आपलंच तंत्र उचललं. फक्त कुणाला न विचारता, माझ्या फोनमधल्या सगळ्यांना जामीनदार करून टाकलं. म्हणून हा एकटीचा कारभार नाही. तुम्ही "अलाऊ" दाबलं की माझाही नंबर जातो, आपल्या अध्यक्षताईंचाही. घरातल्या पोरानं त्याच्या फोनवर दाबलं तर तुमचा जातो, मग तुमच्या हातात साधा बटणाचा फोन का असेना.

यावर नियम झाले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या समितीला २०२१ मध्ये कर्ज देणारी साधारण ११०० ॲप आढळली, त्यातली ६०० बेकायदा होती. सप्टेंबर २०२२ पासून नियम आहे की कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. पैसे बँकेकडून किंवा नोंदणी असलेल्या वित्त कंपनीकडून थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत, आणि एकूण किती भरायचं ते आधी लिहून दिलं पाहिजे. गुगलनंही ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या कर्ज ॲपना नंबर आणि फोटो मागायला बंदी केली. १ जुलै २०२५ पासून कोणत्या बँकेचं, कंपनीचं कोणतं ॲप, याची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. यादीत नाव नसेल तर तिथंच थांबायचं. आपल्या सीआरपी ताईंना यादी बघता येते, मी दाखवली आहे.

मग आता काळजी मिटली का? नाही. स्टोअरवर दार बंद झालं तसे हे लोक व्हॉट्सॲपनं येतात. लिंक येते, फाईल येते, नावाच्या शेवटी एपीके असं असतं. ती उघडली की ॲप थेट फोनमध्ये बसतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या मराठवाड्यातच, हिंगोलीत, एका सरकारी कर्मचाऱ्याला लग्नाची पत्रिका म्हणून अशी फाईल आली आणि खात्यातून जवळपास दोन लाख गेले. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या नावानंही खोट्या वेबसाइट निघाल्या आहेत. पत्रिका म्हणजे फोटो नाहीतर पीडीएफ. पत्रिकेचं ॲप नसतं.

मैत्रिणीनं आणखी एक सांगितलं. पाच तारे बघून ॲप घेऊ नका, चांगले शेरे पैसे देऊन लिहून घेता येतात. एक तारा देणाऱ्यांनी काय लिहिलं ते वाचा. आणि सरकारी असो की खासगी, जे ॲप तुम्हाला त्रास देतं त्याच्याखाली स्वतः लिहा, मराठीत लिहा. ती म्हणते, "आम्ही ऑफिसात बसून बनवतो. गावात रेंज गेल्यावर फॉर्म अर्धाच राहतो, हे कुणी कळवलंच नाही तर आम्हाला कसं कळणार?" (मी तिला उलट विचारलं, "अनुमती द्या" असं आमच्याकडं कोण बोलतं? तुम्ही आमच्या बायांना विचारून शब्द ठेवा. तिनं लिहून घेतलं. बघू.)

आता खरी अडचण. पावसानं सोयाबीन, कापूस नेला. दिवाळी झाली की टोळ्या निघतील, आपल्यातल्या कितीतरी जणी सहा महिने फडावर असतील. तिथं लेकरू आजारी पडलं तर गटाची बैठक कुठून आणायची? मुकादम आणि फोन, दोनच दारं उरतात. मावशी, तुमचा प्रश्न म्हणून बरोबरच होता. आपण गावात बसून व्याजाचा हिशेब सांगायचा आणि फडावरच्या बाईला वाऱ्यावर सोडायचं, हे बरं नाही.

म्हणून मी ग्रामसंघापुढं एक गोष्ट मांडते. टोळी निघायच्या आधी प्रत्येक गटानं ठराव करून ठेवायचा: बाहेर गेलेल्या सभासदानं फोनवर कर्ज मागितलं तर मागणी धरली जाईल, गावातल्या सभासद दोन दिवसांत बसतील, आणि अध्यक्ष-सचिव बँकेत जाऊन रक्कम थेट तिच्याच खात्यावर टाकतील. रक्कम किती, ते गटानं ठरवावं. पाच मिनिटांत होणार नाही, तीन-चार दिवस लागतील, हे मी लपवत नाही. तेवढ्यासाठी जाताना प्रत्येकीनं पासबुक आणि सचिवताईंचा नंबर कागदावर लिहून सोबत न्यावा. फोनमध्ये नको, कागदावर.

आणि ज्यांनी आधीच असं कर्ज घेतलंय, त्यांनी मला किंवा सीआरपी ताईंना एकटीला भेटून सांगा. बैठकीत नाव निघणार नाही. धमकीचे फोन, घाणेरडे फोटो आले तर पुसू नका, ते पुरावे आहेत. १९३० हा नंबर लावायचा, बीडला सायबर पोलीस ठाणं आहे, मी सोबत येईन. मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, म्हणून ते मुकादमापर्यंत गेलं.

ठरावाचा नमुना मी लिहून आणला आहे, चहानंतर वाचते. काही बदल सुचला तर तिथंच सांगा. येताना फोनही हातात ठेवा, कोणत्या ॲपला काय काय दिलंय ते एकेकीचं उघडून बघू.