शिक्षा संपल्यानंतरचा रकाना

गुन्ह्याची नोंद असलेल्या व्यक्तीला काम मिळण्याचा प्रश्न या अधिवेशनाच्या अध्यक्षीय भाषणासाठी निवडला, त्याला छत्रपती संभाजीनगरमधील उस्मानपुऱ्याचा परिसरही कारण आहे. येथील शासकीय तंत्रनिकेतनातून बाहेर पडणारे तरुण वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींची वाट धरतात. हर्सूलचे मध्यवर्ती कारागृह आणि पैठणचे खुले कारागृह, म्हणजे जेथे निवडक बंदी उंच भिंतींविना राहून शेती करतात ते कारागृह, याच जिल्ह्यात आहेत. कारागृहातून सुटलेल्या माणसाला कारखान्याच्या दारात शिरायचे तर मध्ये एक कागद उभा असतो, तो म्हणजे चारित्र्य पडताळणीचा दाखला.

कामगार ऑनलाइन अर्ज भरतो, आधार आणि कंपनीचे किंवा ठेकेदाराचे पत्र जोडतो, आणि मग त्याचे नाव पोलिसांच्या अभिलेखाशी ताडून पाहिले जाते. देशभरातील पोलिस ठाण्यांच्या नोंदी जोडणारी सीसीटीएनएस ही संगणक प्रणाली आल्यापासून जिल्हा बदलूनही नोंद मागे राहत नाही. खटला न्यायप्रविष्ट आहे, आरोपी निर्दोष सुटला आहे, की शिक्षा भोगून झाली आहे, हे तीन अगदी वेगळे प्रकार असले तरी भरती करणाऱ्याच्या नजरेत पुष्कळदा ‘नोंद आहे’ एवढेच उरते. कामगारांच्या बोलीत याला ‘व्हेरिफिकेशनमध्ये नाव निघाले’ असे म्हणतात, आणि नाव निघालेला माणूस भविष्य निर्वाह निधी असलेल्या नोकरीऐवजी मजूर अड्ड्यावरच्या रोजंदारीकडे वळतो.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 याच्या कलम 12 नुसार, ज्याला शिक्षेऐवजी परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर किंवा समज देऊन सोडले जाते, त्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही; बाल न्याय अधिनियम, 2015 याच्या कलम 24 मध्ये मुलांसाठी अशीच तरतूद असून, काही गंभीर प्रकरणे वगळता, नोंद नष्ट करण्याचीही व्यवस्था आहे. अवतारसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली साक्षांकन नमुन्यातील, म्हणजे नियुक्तीपूर्वी भरून घेतल्या जाणाऱ्या माहितीपत्रातील, लपवाछपवीचा विचार करताना तरुण वयातील घोषणाबाजीसारखा क्षुल्लक गुन्हा दडवला गेला तरी नियोक्ता तो सोडून देऊ शकतो असे म्हटले. मात्र खरी माहिती देणाऱ्यालाही नेमण्याची सक्ती नियोक्त्यावर नाही, हेही त्याच निकालात आहे. ज्या मराठवाड्याने 1978 ते 1994 असे विद्यापीठाच्या नामांतराचे आंदोलन पाहिले, तेथे घोषणेच्या आणि मोर्चाच्या गुन्ह्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

सर्वांत खोल जखम मात्र ज्यांनी काहीच केले नाही त्यांची आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच नोंद ठरवले. तो 1952 मध्ये रद्द झाला खरा, तरी मुंबई सराईत गुन्हेगार अधिनियम 1959 मध्ये आला आणि संशयाची सवय टिकून राहिली. लातूर परिसरातील लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्या पुस्तकात दिसणारी पोलिसी नजर आजही पारधी वस्त्यांना अनोळखी नाही. सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2024 मध्ये कारागृहांतील जातिभेद मोडण्याबरोबरच विमुक्त, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून मुक्त झालेल्या, जमातींना मनमानी अटकेपासून जपण्याचे निर्देश द्यावे लागले, यावरून या नजरेचे आयुष्य लक्षात यावे.

ब्रिटनने 1974 सालच्या कायद्याने ठरावीक शिक्षांना मुदत घातली, म्हणजे तेवढ्या काळात नवा गुन्हा न घडल्यास बहुतेक नोकऱ्यांसाठी जुनी शिक्षा सांगण्याचे बंधन उरत नाही, आणि मुलांची देखभाल करण्यासारखी कामे त्यातून वगळली. प्रौढांना लागू होणारा असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. तो व्हायला हवा, कारण न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली असेल तर ती जन्मठेपेइतकी ताणण्याचा अधिकार भरती विभागाला कोणीही दिलेला नाही. गुन्ह्याचा कामाशी काही संबंध आहे का, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. अपहाराची शिक्षा झालेल्याला तिजोरीवर न नेमणे समजू शकते, पण शेजारच्या भांडणातील मारहाणीमुळे लेथ यंत्रावरचे काम नाकारणे समजू शकत नाही.

कायदा येईपर्यंत करता येण्याजोगे एक काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या आवाक्यातले आहे: सुटकेच्या दिवशी बंद्याच्या हाती निकालपत्राची प्रमाणित प्रत आणि कारागृहात शिकलेल्या सुतारकामाचे, शिवणकामाचे वा शेतीकामाचे प्रमाणपत्र द्यावे, जेणेकरून पडताळणीच्या एका ओळीशेजारी भरती अधिकाऱ्याला गुन्ह्याचे खरे स्वरूप आणि माणसाचे कसबही वाचता येईल. त्याची सुरुवात हर्सूलपासून करता येईल.