सेंद्रिय आंबा जास्त टिकतो का?
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव पडला की आपण कापूस घरात भरून ठेवतो. अंगाला खाज सुटते, पोरं कापसावरच झोपतात, पण माल थांबतो. ज्वारीही थांबते. आंबा थांबत नाही. १९९० साली रोजगार हमीतून फळबागेची योजना आली आणि आमच्यासारख्या कोरडवाहूवाल्यांनी मुरमाड तुकड्यांवर, बांधांवर केशर लावला. झाडं फळाला आली तेव्हा खरी गोम कळली. आंबा उतरवला त्याच दिवशी अडत्याला ठाऊक असतं, की या माणसाच्या हातात आठ-दहा दिवस आहेत. पट्टी तो त्या हिशेबानं फाडतो. म्हणून फळ दोन दिवस जास्त टिकलं, तर भाव मागायला आपल्याला दोन दिवस जास्त मिळतात.

अलीकडे गावोगाव सांगतात, सेंद्रिय करा, फळ आपोआप टिकतं. आमचा सेंद्रियाला विरोध नाही. ज्याचं शेत, त्याचा निर्णय. पण फळझाडांना प्रमाणपत्र हवं तर साधारण ३ वर्षं त्या नियमानं शेती करावी लागते, तोवर माल साध्या भावानंच जातो. एवढी कळ सोसायची तर टिकण्याचा दावा तपासूनच घेतला पाहिजे.

बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ बघा. त्याला ना कधी युरिया मिळाला, ना फवारा. त्याहून सेंद्रिय काय असणार? तरी डोळे उघडलेलं सीताफळ पिकलं की दोन-तीन दिवसांत हातात येत नाही. शीतगृहात फार गार केलं तर साल काळी पडते. म्हणजे पहिली गोष्ट फळाच्या जातीची. आजोबा ज्वारी पेवात भरायचे तेव्हा शेणखताची की मिश्रखताची, असं विचारत नव्हते. दाणा दाताखाली कट्‌ वाजतो का, एवढंच बघायचे.

मग खताचा काही संबंधच नाही का? आहे, आणि तो नत्राचा आहे. नत्र जास्त झालं की फळ फुगतं, गर सैल राहतो, पिकलं तरी साल हिरवी राहते आणि करपा लवकर धरतो. युरियाची गोणी हात सैल सोडून टाकणाऱ्याचं फळ लवकर बसतं, हे खरं. पण कोंबडीखताचे ढीग ओतणाऱ्याचंही तेच होतं, कारण नत्र कुठून आलं हे झाडाला कळत नाही. फळाला घट्टपणा देणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, फळ लहान असतानाच रसाबरोबर आत जातो. त्या दिवसांत झाड पाण्यावाचून सुकलं तर नंतर काही टाकून तो भरून निघत नाही. सेंद्रिय आणि रासायनिक फळांचे जे अभ्यास झाले, त्यांचे निकाल एका बाजूचे नाहीत ते यामुळेच.

आणि बाजारात तुलना कशाची होते? एका बाजूला कोवळी कैरी तोडून कार्बाइडच्या पुड्यांत पिवळी केलेली. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत त्याला बंदी आहे, आधीच्या कायद्यातही होती, तरी पुड्या निघतातच. दुसऱ्या बाजूला पाड लागल्यावर देठासकट उतरवून काडात पिकवलेला सेंद्रिय आंबा. दुसरा सरस ठरणारच! पण ते श्रेय तोडणीचं आणि आढीचं. खतवाला शेतकरीही ते कमवू शकतो. तिसरीकडे उलटा अन्याय होतो. व्यापाऱ्याचा आंबा बुरशीनाशकात बुडवून, मेण लावून येतो आणि चार दिवस जास्त दिसतो. सेंद्रियवाल्याला ती सोय नाही.

करपा आढीत लागतो असं आपण समजतो. तो मोहरात आणि बारक्या कैरीतच शिरलेला असतो, सालीखाली दडून बसतो, पिकताना वर येतो. यावर गरम पाण्याचा उपाय दोघांनाही चालतो. ५२ अंशांच्या पाण्यात ५ ते १० मिनिटं फळ ठेवायचं, मग सावलीत कोरडं करायचं. थर्मामीटर मात्र हवाच. हातानं अंदाज घेणाऱ्यांनी आंबे शिजवलेले आहेत.

बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे, करत नाही एवढंच. सकाळी गारव्यात उतरवा, झेला वापरा, बोटाच्या पेराएवढा देठ ठेवा म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही. तयार फळ बादलीत बुडतं, तरंगणारं आणखी चार दिवस झाडावर राहू द्या. आपटलेलं फळ आढीत घालू नका, एक सडलं की शेजारची उबेनं आणि वायूनं लवकर पिकतात.

आता आमची मागणी तुमच्याकडेच आहे. या हंगामात गावातल्या दोन बागा निवडा, एक सेंद्रिय, एक खताची. जात एक, झाडाचं वय जवळपास सारखं, तोडणी एकाच सकाळी, एकाच माणसाच्या हातची. प्रत्येकी ५० फळं एकाच खोलीत वेगळ्या काडात घाला. रोज संध्याकाळी किती पिकली, किती डागाळली, किती टाकली, हे वहीत लिहा. कोणत्या बागेला काय घातलं आणि पाणी कधी दिलं, तेही लिहा. २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून सुटला आहे. शहरातल्या गिऱ्हाइकाशी थेट बोलताना ही वही दाखवता येईल. पुढच्या मेळाव्याला वह्या घेऊन या. सेंद्रियवाले आणि खतवाले एकाच सतरंजीवर बसवू आणि आकडे मोठ्यानं वाचू.