ज्यांच्या नावाची पाटी नाही
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्यापैकी काही जण सहलीला महाबळेश्वरी जाऊन आले असतील. तेथे एल्फिन्स्टन पॉइंट आहे, आर्थर सीट आहे. साहेबांची नावे अजून टिकून आहेत. पण हे थंड हवेचे ठिकाण वसविताना रस्ते कोणी खोदले, असा प्रश्न आपल्याला पडतो का?

ते काम करणाऱ्यांत चिनी माणसे होती. १८३४ साली महाबळेश्वरला चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग बांधण्यात आला. त्यात सुमारे १२० कैद्यांची सोय होती. पेनांग, मलाक्का, सिंगापूर ही बंदरे तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली होती. तेथे शिक्षा झालेल्यांना समुद्र ओलांडून इकडे आणीत. त्यांनी रस्त्यांची कामे केली, बटाटे आणि विलायती भाज्या पिकविल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. १८६४ साली तो तुरुंग बंद झाला. भाज्या राहिल्या, रस्ते राहिले. माणसे मात्र विस्मरणात गेली.

आणि गंमत पहा, त्याच काळात आपल्या देशातील कैदी उलट दिशेने सिंगापूरला पाठविले जात होते. तेथील सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल ही भव्य वास्तू हिंदी कैद्यांच्या हातांनी उभी राहिली. त्यांचे इकडे, आपले तिकडे! माणूस घरापासून इतका दूर नेला, की त्याची भाषा समजणारे आणि त्याच्यासाठी भांडणारे कोणी उरत नाही.

कोणी म्हणेल, ते तर गुन्हेगार होते. मग जे गुन्हेगार नव्हते, त्यांचे काय झाले तेही ऐका. अमेरिकेचे दोन किनारे जोडणाऱ्या लोहमार्गाचा पश्चिमेकडील भाग हजारो चिनी मजुरांनी बांधला. सिएरा नेवाडाच्या बर्फात त्यांनी बोगदे फोडले. गोऱ्या कामगारांपेक्षा त्यांना मजुरी कमी मिळे. जून १८६७ मध्ये त्यांनी समान मजुरीसाठी संप केला, तेव्हा कंपनीने त्यांचे अन्नधान्य तोडले आणि आठवडाभरात संप मोडला. १० मे १८६९ रोजी लोहमार्ग पुरा झाला. तेरा वर्षांनी, १८८२ साली, चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला. तो १९४३ पर्यंत टिकला. काम संपले, गरज संपली!

मित्रहो, हे सारे कळवणमध्ये बसून ऐकण्याचे कारण काय? कारण आपल्याच जिल्ह्यात सुरगाणा, पेठकडील कुटुंबे द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे कामाला जातात. आपल्या कांद्याच्या शेतावरही मजूर येतात. मुकादमाच्या वहीत बापाचे नाव असते, पण त्याच्याबरोबर आलेल्या मुलाचे नाव शाळेच्या हजेरीपटावर असते का? आपण त्या मुलाला नावाने हाक मारतो, की नुसते ‘ए पोरा’ म्हणतो?

पालकांना माझी विनंती आहे: आपल्या कामावर आलेल्या मजुराचे मूल शाळेत जाते की नाही, याची चौकशी करा. जात नसेल तर त्याला जवळच्या शाळेपर्यंत पोहोचवा. मजुरी ठरली असेल तेवढी, ठरल्या दिवशी द्या.

आणि विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर आजोबांना, आजीला विचारा: तुम्ही कोठे कोठे राबलात? कोणत्या रस्त्यावर खडी फोडली, कोणती विहीर खणली? ते सांगतील ते वहीत उतरून घ्या, गावाचे नाव आणि साल यांसह. महाबळेश्वरच्या त्या चिनी माणसांसाठी असे विचारणारा नातू येथे नव्हता. तुमच्या आजोबांना तुम्ही आहात.