प्रदर्शनाची कालवड, उद्याची गाय

(रत्नागिरी येथे पशुपालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आज मला दिलेला विषय वरवर पाहता अगदी लहान आहे. प्रदर्शनासाठी तयार करावयाच्या कालवडीला खायला काय द्यावे? मी पत्रकार आहे, पशुवैद्य नव्हे. कोकणातल्या गोठ्यांविषयी लिहिताना जाणकारांकडून जे समजून घेतले, तेच आपल्यापुढे ठेवतो. परंतु या लहान प्रश्नाच्या उत्तरात आपल्या गोप्रेमाची कसोटी दडलेली आहे. प्रदर्शन एका दिवसात संपते. कालवडीला मात्र पुढे कित्येक वर्षे गाय म्हणून जगायचे असते.

ज्या भूमीत आपण बसलो आहोत, तिथे १९२४ ते १९३७ या काळात स्वातंत्र्यवीर सावरकर स्थानबद्ध होते. गाईची पूजा करण्यापेक्षा तिचे शास्त्रशुद्ध पालन करा, असा आग्रह त्यांनी आपल्या निबंधांतून धरला. तो सर्वांना रुचला नाही आणि आजही त्यावर मतभेद आहेत. पण पूजा करणाऱ्यालाही पालन चुकलेले नाही, एवढे तर दोन्ही बाजूंना मान्य व्हावे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले. मातेचा हा मान गव्हाणीपर्यंत पोहोचवणे शासनाच्या नव्हे, आपल्या हाती आहे.

आपली गाय कोणती, हे आधी ध्यानात घेऊ. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०१८ साली 'कोकण कपिला' ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. तोपर्यंत आपणच तिला 'गावठी' म्हणून हिणवत होतो. ही गाय आकाराने लहान ते मध्यम. मुसळधार पाऊस, दमट उष्मा आणि डोंगरउतारावरची चराई यांतून ती घडली आहे. तिची कालवड खिल्लारसारखी उंच किंवा गीरसारखी भरदार दिसावी म्हणून खुराक कोंबणे म्हणजे तिच्या जातीचाच अवमान होय. कोकण कपिलेचा लहान बांधा हा तिचा दोष नाही, ती तिची ओळख आहे.

अति खुराकाचे दुष्परिणाम दुहेरी आहेत. कालवड वयात येण्याआधी तिला धान्याचा मारा केला, तर कासेत चरबी साठते आणि दूध निर्माण करणाऱ्या ग्रंथींची वाढ खुंटते. म्हणजे आज जी गुबगुबीत दिसते, तीच उद्या कमी दूध देते. दुसरे असे की, भरडा किंवा शिजवलेला भात एकदम जास्त पोटात गेला, तर पोटात आम्ल वाढते. जनावर रवंथ सोडते, प्रसंगी दगावतेही. लग्नघरचा उरलेला भात आणि हंगामातले फणसाचे गरे यांमुळे गुरे आजारी पडल्याचे आपण सर्व जण जाणतो. वसुबारसेला नैवेद्याचा घास अवश्य द्यावा; परंतु तो घासच असावा, घमेले नव्हे.

मग द्यावे काय? पहिले काम वजन जाणण्याचे. काटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत मोजा. खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ६६०ने भागा. घेर ४४ इंच आणि लांबी ४० इंच असेल, तर वजन सुमारे ११७ किलो भरते.

अशा कालवडीला दिवसाला साधारण तीन किलो कोरडा अंश लागतो, म्हणजे चाऱ्यातले पाणी वगळून उरणारे अन्न. हिरव्या चाऱ्यात पाणीच फार असते. सात किलो हिरव्यातून जेमतेम दीड किलो अन्न मिळते. म्हणून हिशेब असा बसतो : पाच किलो हिरवे गवत, दोन किलो चवळी किंवा शेवरीसारखा द्विदल चारा, एक किलो भाताचा पेंढा आणि पाऊण किलो आंबोण. सोबत २५ ग्रॅम खनिज मिश्रण आणि सदैव स्वच्छ पाणी. यांतील द्विदल चारा वगळू नका; हाडामासाला लागणारी प्रथिने त्यातून स्वस्तात मिळतात.

आंबोण घरीही करता येते. शंभर भागांत ३५ भाग मक्याचा भरडा, ३० भाग शेंगदाणा पेंड, २२ भाग भाताचा कोंडा, १२ भाग तूरचुणी आणि एक भाग मीठ. दोन वेळांत विभागून, चाऱ्यानंतर द्यावे. नवे खाद्य सुरू करताना निदान दहा दिवस घेऊन हळूहळू वाढवावे.

येथे कोकणाचा विशेष ध्यानात ठेवावा लागतो. आपल्या जांभ्या मातीत चुन्याचा अंश कमी आणि भाताच्या पेंढ्यात पोषण कमी. शिवाय पेंढ्यातले काही घटक चुना अडवून धरतात, म्हणून खनिज मिश्रणाला पर्याय नाही. दमट हवेत पेंडीला बुरशी लागते आणि कोंडा खवट होतो. बुरशीचे विष यकृत पोखरते. अशी पेंड स्वस्त मिळाली तरी उकिरड्यावर टाका, गव्हाणीत नको. भाताच्या खाचरातून आणि पाणथळ कुरणातून गोगलगायींमार्फत यकृतातील चपटे कृमी येतात. पशुवैद्याकडून शेण तपासून औषध दिल्याखेरीज कितीही खुराक घाला, तो कृमींचेच पोट भरतो.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे डोंगरावरचे गवत पूर्ण वाळून पिवळे पडल्यावर कापण्याची सवय आहे. तोवर त्यातला कस निघून गेलेला असतो. निम्मे गवत फुलोऱ्यात येताच कापले आणि सावकाश वाळवून साठवले, तर तेच गवत उन्हाळ्यात खुराकाचा बराच भार उचलते. पाणी असेल तिथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'फुले जयवंत' या संकरित नेपियर गवताचा एखादा वाफा असावा. दापोलीला १९७२ साली स्थापन झालेले डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आपल्या दारात आहे. तेथे जाऊन विचारण्यात संकोच नसावा.

प्रदर्शनाच्या आठवड्यात तर खाद्यात काहीही बदलू नये. जाताना घरचा चारा बरोबर न्यावा. पोट तट्ट दिसावे म्हणून आदल्या रात्री ठासून खाऊ घालणे हा कालवडीवर अन्यायच आहे. तयारी महिन्यांची असते, रात्रीची नव्हे. दर पंधरा दिवसांनी टेप लावा आणि आकडे वहीत लिहा. हात फिरवला की शेवटच्या बरगड्या बोटांना जाणवाव्यात, पण डोळ्यांना टोचू नयेत, अशी कालवड योग्य. पाठ, पाय, चाल आणि चमकती कातडी यांवर मेहनत दिसली पाहिजे, चरबीवर नव्हे.

परीक्षकांनाही एक विनंती आहे. बिल्ला लावण्यापूर्वी मालकाला ती वही मागा. वाढीची नोंद, कृमिनाशकाची तारीख, लसीकरण यांना गुण द्या. ज्या दिवशी वहीला बक्षीस मिळू लागेल, त्या दिवशी गोठे आपोआप सुधारतील. ज्या घरांत गोठा नाही, त्या घरांनीही प्रदर्शन पाहताना मुलांना गुबगुबीतपणा आणि निरोगीपणा यांतला फरक दाखवावा.

गोवंशाचे रक्षण घोषणांनी सुरू होत असेल, पण ते टिकते रोजच्या आंबोणाच्या मापाने. ते माप उद्या सकाळपासून नीट घ्यावे, एवढी प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.