चाचणी आणि सावधगिरी



एच.आय.व्ही.ची बाधा कित्येक वर्षे लक्षणांवाचून राहू शकते. ती चाचणीनेच कळते. अमेरिकेतील अभ्यासांच्या २००५ सालच्या एकत्रित आढाव्यात, आपल्याला बाधा असल्याचे ठाऊक असलेल्यांमध्ये निरोधाविना संबंधांचे प्रमाण, ते ठाऊक नसलेल्या बाधितांहून ५३ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र १९९९ सालच्या अशाच आढाव्यात, बाधा नसल्याचे कळलेल्यांचे वर्तन चाचणी न केलेल्यांहून अधिक सावध झालेले दिसले नाही.

बाधा नसल्याचा अहवाल म्हणजे अभयपत्र नव्हे. संसर्गानंतर काही आठवडे चाचणीत बाधा दिसतही नाही. म्हणून समुपदेशन प्रत्येकालाच आवश्यक आहे. शासकीय केंद्रांत चाचणी विनामूल्य होते आणि २०१७ च्या कायद्याने गोपनीयता बंधनकारक आहे. नियमित औषधोपचाराने विषाणू चाचणीत न आढळण्याइतके कमी राहिल्यास लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. ज्ञानाला आचरणाची जोड मिळाली, तरच ते तारक ठरते.